अक्कलदाढ आणि त्रिमितीय तपासणी

खालची अक्कलदाढ काढायची म्हटली की, ‘एवढ्या फोटोंचा खर्च कशाला?’ असे जिंतूर, गंगाखेडकडचे रुग्ण मला विचारतात. या जबड्याच्या हाडातून ओठ व हनुवटीच्या संवेदनेची नस जाते. ती दुखावल्यास ओठ बधिर होतो, क्वचित कायमचा. साध्या एक्स-रेत दाढेचे मूळ व नस एकमेकांवर आलेली दिसतात; नस गालाच्या बाजूला की जिभेच्या, हे कळत नाही. कोन-बीम सीटीत ते दिसते व शस्त्रक्रियेची आखणी करता येते. मात्र त्यात क्ष-किरण अधिक, म्हणून ही तपासणी सरसकट नको. माझे मत असे : आधी पूर्ण जबड्याचा साधा एक्स-रे काढावा. मूळ नसेला टेकलेले वाटले, तरच सीटी करावी. तेव्हा मात्र काटकसर नको. शंका असल्यास परभणीच्या सरस्वती धन्वंतरी दंत महाविद्यालयात विचारावे.