कुंपणाआतल्या लहरी

पाचव्या पिढीच्या मोबाईल सेवेचा प्रारंभ १ ऑक्टोबर २०२२ रोजी दिल्लीच्या प्रगती मैदानावर पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाला, तेव्हा बहुतेकांचे लक्ष हातातल्या फोनच्या वेगाकडे होते. या तंत्रज्ञानाचे खरे मोल कारखान्यात, बंदरात आणि खाणीत आहे, याची चर्चा त्या गाजावाजात मागे पडली. उद्योगांपर्यंत जाणारी वाट संचार भवनातून जाते आणि ती अडली आहे ती धोरणाच्या पातळीवर.

मुळात 'फाइव्ह-जी' दोन प्रकारांनी उभारता येते. पहिल्यात मनोऱ्यावरची उपकरणे नवी, पण मागची मध्यवर्ती यंत्रणा 'फोर-जी'चीच असते. दुसऱ्यात मनोऱ्यापासून मध्यवर्ती यंत्रणेपर्यंत सारेच नवे असते. त्याला 'स्टँडअलोन', म्हणजे स्वतंत्र जाळे म्हणतात. उद्योगांना उपयोगी पडणारे गुण प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकारात आहेत. एकाच जाळ्याचे वेगवेगळे कप्पे पाडून एक यंत्रमानवांच्या नियंत्रणासाठी, दुसरा कॅमेऱ्यांसाठी, तिसरा कर्मचाऱ्यांच्या फोनसाठी राखता येतो. एका कप्प्यातील गर्दीची झळ दुसऱ्याला लागत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने या पिढीसाठी ठरवलेल्या निकषांत एका चौरस किलोमीटरमध्ये दहा लाख उपकरणे आणि अतिविश्वसनीय सेवेसाठी एक सहस्रांश सेकंदाचा विलंब अपेक्षिला आहे. कारखान्यात फिरणाऱ्या स्वयंचलित गाड्यांचा संपर्क वाय-फायच्या एका केंद्राकडून दुसऱ्याकडे जाताना तुटू शकतो. तेथे या गुणांचे महत्त्व कळते. भारतात जिओने सुरुवातीपासून स्वतंत्र जाळ्याचा मार्ग धरला, तर एअरटेलने आरंभ पहिल्या प्रकाराने केला. चाकणच्या महिंद्र कारखान्यात एअरटेल आणि टेक महिंद्र यांनी खासगी जाळे उभारल्याची घोषणा डिसेंबर २०२२ मध्ये झाली. वाहन उद्योगाला याची गरज आहे, हे त्यातून दिसलेच.

असे जाळे कोणाच्या मालकीचे असावे, हा वादाचा विषय आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२२ मध्ये उद्योगांच्या खासगी जाळ्यांना तत्त्वतः मान्यता दिली आणि २७ जूनला दूरसंचार विभागाची मार्गदर्शक तत्त्वे आली. अर्जाचे शुल्क ५० हजार रुपये, प्रवेश शुल्क नाही, परवाना शुल्कही नाही. उद्योगांनी दूरसंचार कंपनीकडून सेवा घ्यावी, तिच्या लहरी भाड्याने घ्याव्यात किंवा सरकारकडून थेट लहरी मिळवाव्यात, असे पर्याय खुले ठेवले गेले. थेट वाटपाआधी मात्र मागणीची पाहणी आणि नंतर 'ट्राय'च्या शिफारशी, असा क्रम ठरला. पाहणीत सहभागासाठी शंभर कोटींहून अधिक नक्त मालमत्तेची अट होती. म्हणजे मोठ्या वाहन कंपनीचा विचार झाला, तिला सुटे भाग पुरवणारा मध्यम कारखानदार दारातच थांबला.

दूरसंचार कंपन्यांचा विरोध अनाकलनीय नाही. जुलै-ऑगस्ट २०२२ च्या लिलावात सुमारे दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लागल्या. त्यांतील ८८ हजार कोटींहून अधिक एकट्या जिओच्या होत्या. एवढी रक्कम मोजणाऱ्यांना मोठे औद्योगिक ग्राहकच भरपाईचा आधार वाटतात. तेच सरकारकडून स्वस्तात लहरी घेऊ लागले, तर समान संधी कुठे उरली, हा त्यांचा प्रश्न आहे.

पण लिलावाचे माप उद्योगाच्या मापाशी जुळत नाही. कारखान्याला आपल्या कुंपणापुरत्या लहरी हव्या असतात. लिलावात त्या परिमंडळाच्या हिशेबाने मिळतात. अदानी समूहाने २०२२ मध्ये स्वतःच्या व्यवसायांसाठी २१२ कोटी रुपयांना २६ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील ४०० मेगाहर्ट्झ लहरी घेतल्या. त्यांचे हक्क एअरटेलकडे देण्याचा करार एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झाला. एवढ्या बलाढ्य समूहालाही ही वाट सोडावीशी वाटली असेल, तर मध्यम उद्योगाची काय कथा? जर्मनीने २०१९ मध्येच ३.७ ते ३.८ गिगाहर्ट्झचा पट्टा स्थानिक औद्योगिक जाळ्यांसाठी राखून ठेवला. तेथे शुल्क लहरींचे प्रमाण, मुदत आणि क्षेत्रफळ यांवर ठरते.

दिल्लीतील नोकरशाहीला अशा वाटपाची धास्ती का वाटते, हे सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी १२२ परवाने रद्द केले. पुढे २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले, तरी लिलावाविना लहरी देणाऱ्या फायलीवर सही करताना अधिकाऱ्याचा हात आजही अडखळतो. त्याच न्यायालयाने सप्टेंबर २०१२ मध्ये, प्रत्येक नैसर्गिक साधनसंपत्तीसाठी लिलाव हाच घटनात्मक मार्ग नाही, असे मत दिले होते. त्याची आठवण मात्र क्वचितच होते.

संसदेने डिसेंबर २०२३ मध्ये संमत केलेल्या दूरसंचार कायद्यात या धास्तीवर उतारा आहे. लिलाव हा नियम, पण पहिल्या परिशिष्टातील कारणांसाठी प्रशासकीय वाटप. त्या यादीत रेल्वे, मेट्रो, बंदरे आणि खाणी यांच्या सुरक्षा व संचालनाचा समावेश आहे. सामान्य कारखाने नाहीत. बंदराच्या भिंतीआत जे ग्राह्य, ते भिंतीपलीकडच्या कारखान्यात अग्राह्य, अशी ही विसंगती आहे. सार्वजनिक हित किंवा तांत्रिक-आर्थिक कारणे दाखवून अधिसूचनेद्वारे यादी वाढवण्याचा अधिकार हाच कायदा सरकारला देतो. धोका पत्करणाऱ्या एका अधिकाऱ्याच्या टिपणीपेक्षा कायद्याचा हा आधार कितीतरी भक्कम आहे.

सरकारने एक मर्यादित पट्टा कुंपणापुरत्या वापरासाठी राखावा, शुल्क क्षेत्रफळावर ठेवून जाहीर करावे, वापर न झाल्यास लहरी परत घ्याव्यात आणि त्यावरून जनतेला सेवा विकण्यास स्पष्ट मनाई करावी. म्हणजे कंपन्यांचा मूळ धंदाही सुरक्षित राहील. मालमत्तेची अटही वगळायला हवी, कारण औद्योगिक वसाहतींतील बहुसंख्य कारखाने तिच्या खालचे आहेत. निर्णय लांबवल्याने जुन्या घोटाळ्याचे भूत पळत नाही. त्याची किंमत ज्यांचा त्या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता, ते उद्योग मोजत राहतात.