बदलून टाका!

'बदलून टाका' या दोन शब्दांवर सरकारने बंदी घालावी, असं माझं स्पष्ट मत आहे. हे मत मला एका कुलपाने दिलं.

आमच्या दारात १९६८ सालची फियाट ११०० उभी असते. बाबांनी ती १९८४ साली सेकंडहँड घेतली. माझ्यातल्या कॉमर्सच्या पदवीधराला विचाराल, तर घसारा वजा जाता तिची किंमत केव्हाच शून्य झाली आहे. आमच्या सौ.ला विचाराल, तर शून्याच्याही खाली गेली आहे. तर एका रविवारी तिच्या इग्निशनच्या कुलपात किल्ली गेली आणि फिरेना.

माणसाची किल्ली अडली, की शेजाऱ्यांची जीभ सुटते. पहिला म्हणाला, "जरा जोर लावा हो!" दुसऱ्याने खोबरेलाची बाटली आणून दिली. गॅरेजवाल्याने तर खिडकीतून डोकावूनच निकाल दिला, "साहेब, कुलूप काढून फेका. बदलून टाका. बटन बसवतो, अर्ध्या तासाचं काम!"

मी बँकेत लॉकर सांभाळले आहेत. खातेदाराची किल्ली हरवली, तर लॉकर फोडावा लागतो. तोही त्याच्या समक्ष नि त्याच्या खर्चाने. फोडणं हा आमच्याकडे शेवटचा उपाय. मोटारीच्या बाबतीत तो पहिला कसा झाला?

जोरवाल्यांनो, ऐका. अशा कुलपात पातळ पितळी पट्ट्या असतात, प्रत्येकीला एक इवलीशी स्प्रिंग. किल्लीच्या दातांनी साऱ्या एका पातळीत आल्या, तरच गाभा फिरतो. एक जरी धुळीने अडून बसली, तर नाही. दिवसअखेरीस दहा पैशांचा फरक लागला, म्हणून कॅशियरला बुकलून काढल्याने ताळा जुळत नाही. इथेही फार तर किल्ली तुटते आणि अर्धी आत राहते.

तेलवाल्यांनो, तुम्हीही ऐका. खोबरेल थंडीत गोठतं आणि बारा महिने धूळ धरतं. कुलपात तिचा शिरा होतो. कुलपाला हवी कोरडी पूड. पेन्सिलीच्या शिशाची भुकटी चालते.

आणि बदलवाल्यांनो, ती किल्ली बाबांच्या खिशात ३० वर्षं होती. त्यांच्या एकूण एक शर्टांच्या खिशांना तिने भोकं पाडली. चष्मा, घड्याळ, पेन सगळं कपाटात पडून आहे. त्यांच्या वस्तूंपैकी रोज काम करणारी ती एकच उरली होती. तिला बटनाने बदलू?

शेवटी स्टेशनबाहेरच्या म्हाताऱ्या चावीवाल्याला घरी आणलं. त्याने आधी बॅटरीची वायर काढली, मग कुलूप सोडवलं. पट्ट्या पेट्रोलने नि ब्रशाने धुतल्या, शिशाची पूड सोडली. मग किल्ली डोळ्यांजवळ धरून म्हणाला, "कुलूप ठणठणीत आहे. किल्ली झिजलीय. दुसरी आहे?"

"हिच्यावरूनच काढा ना."

"साहेब, झिजलेल्या किल्लीवरून काढली तर झीजच उतरेल."

मी वरमलो. चुकीची बेरीज पुढच्या पानावर नेली, की बँकेत मेमो मिळतो. आणि हे मला एक चावीवाला शिकवत होता! कपाट उपसलं. बाबांच्या अक्षरातलं एक पाकीट निघालं : 'गाडी. डुप्लिकेट. वापरू नये.' आत कोरी करकरीत किल्ली. तिच्यावरून त्याने कानशीने नवी घडवली. गाडी पहिल्याच झटक्यात खोकली, म्हणजे सुरू झाली.

निघताना त्याने जुनी किल्लीही लावून पाहिली. "हीसुद्धा चालते. फक्त जरा वर उचलून फिरवा."

बाबा ती तशीच फिरवायचे. मला वाटायचं, ती त्यांची लकब आहे.

"बाकी एक विचारतो," चावीवाला म्हणाला, "यात खोबरेल कोणी ओतलं?"

मी ताबडतोब शेजाऱ्याच्या खिडकीकडे बोट दाखवलं. बाटली त्याचीच होती. ओतणारा हात कोणाचा, हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.