मुरलेले आणि मिरवलेले

व्हिंटेज पोर्टचा संग्रह सुरू करू पाहणाऱ्याला एक उपदेश हमखास ऐकवला जातो : गाजलेल्या वर्षाची कोवळी बाटली घ्या आणि वीस वर्षे विसरून जा. हा उपदेश थंड हवेच्या इंग्रजी तळघरात जन्मला आहे. वागळे इस्टेटच्या परिसरात राहणाऱ्याने तो प्रमाण मानणे हा निव्वळ भाबडेपणा होय.

पोर्ट म्हणजे पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातील मद्य. गोव्याच्या स्वस्त, गोड 'पोर्ट वाईन'शी तिचे नावापलीकडे फारसे नाते नाही. रस आंबत असतानाच त्यात द्राक्षांचे स्पिरिट घालतात, म्हणून गोडी टिकते. त्यातही व्हिंटेज पोर्ट एकाच हंगामाची. ती दोन-तीन वर्षांत पिंपातून बाटलीत जाते आणि पुढची कित्येक वर्षे बाटलीतच मुरते. त्यासाठी हवा अंधार, आडवी बाटली आणि १२ ते १५ अंशांचा अखंड थंडावा. ठाण्यात मे महिन्यात पारा पस्तिशी गाठतो. १९६२ साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाच्या या आरंभीच्या वसाहतीत कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. पण त्यांची तळघरे मोटारींसाठी आहेत. अशा हवेत बाटली मुरत नाही, शिजते.

तेव्हा नवख्याने दुसऱ्याच्या तळघरात आधीच मुरलेली बाटली घ्यावी. ती परवडणार नाही, हा आक्षेप नावाच्या मोहातून येतो. १९६३ आणि १९७७ या वर्षांचा गाजावाजा मोठा, म्हणून किंमतही मोठी. १९८० आणि १९८३ ही वर्षे १९७७च्या सावलीत राहिली, म्हणून तुलनेने स्वस्त. आज ती चाळिशी ओलांडून पूर्ण पिकली आहेत. शिवाय सर्वसाधारण घोषणा न झालेल्या वर्षी मोठी घराणी एकाच मळ्याची व्हिंटेज काढतात : टेलरची 'व्हार्जेलास', ग्रॅहमची 'माल्वेदोस'. ती लवकर मुरते आणि कमी दरात मिळते. मात्र वर्षाचा आकडा पाहण्याआधी बाटलीच्या मानेतील पातळी, बुचाभोवतीची गळती आणि साठवणीचा इतिहास पाहावा.

'हा संग्रह कसला, ही तर खरेदी!' असे कोणी म्हणेल. साहित्याच्या विद्यार्थ्याला हा युक्तिवाद ओळखीचा वाटावा. पाने न फाडलेली ग्रंथावली काचेच्या कपाटात मिरवणाऱ्याला आपण वाचक म्हणत नाही. मग न उघडलेल्या बाटल्यांच्या मालकाला रसिक का म्हणावे? आपला दारूबंदी कायदा या बाबतीत अधिक समंजस दिसतो. मद्य बाळगण्याचा परवाना तो आरोग्यरक्षणाच्या नावाखाली देतो. हेतू गमतीचा असेल, पण त्यात पिणे गृहीत आहे, प्रदर्शन नव्हे.

म्हणून दोन-तीनच बाटल्या घ्याव्यात. एक दिवसभर उभी ठेवून, गाळ तळाशी बसू देऊन, हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओतावी आणि चार मित्रांत एक-दोन दिवसांत संपवावी. रिकामी बाटली हीच या संग्रहाची खरी नोंद.