आधी जीव, मग जाळे

आपल्यापैकी अनेकांचे भाऊबंद कोकणात मासेमारी करतात. नवी बोट बांधली की मालकाची नजर आधी फिश फाइंडरवर जाते. ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून तो मासळीचा थवा दाखवतो. उथळ पाण्याला २०० किलोहर्ट्झ, खोल पाण्याला ५०. पण वादळात तो खलाशाला वाचवत नाही! आधी जीपीएस घ्या, सोळाव्या चॅनेलवर मदत मागता येणारा व्हीएचएफ संच घ्या, त्याला स्वतंत्र बॅटरी द्या. व्हीएचएफ फार दूर पोचत नाही. तिथे उपग्रहामार्फत संदेश देणारा ‘इस्रो’चा ट्रान्सपॉन्डर हवा. एक लाख बोटींची ही योजना ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला सुरू झाली.

पैसा मालकाचा, पण जीव खलाशाचा. खरेदीची यादी करताना त्यालाही विचारलेच पाहिजे. सिग्नलशिवाय आपण गाडी सोडत नाही. मग बोट का सोडावी?