नापास कोण झाले?

मार्च २०१६ मध्ये न्यूझीलंडच्या मतदारांनी कोपऱ्यात ब्रिटिश निशाण असलेला जुनाच ध्वज राखला. त्याला सुमारे ५७ टक्के मते, रुपेरी नेच्याच्या नव्या ध्वजाला ४३. यावरून त्या जनतेला गुलामी वृत्तीची म्हणायचे? आम्ही उर्दू शाळेतले मास्तर. निकाल बिघडला की आधी प्रश्नपत्रिका पाहतो. २०१५ च्या पहिल्या मतदानात विचारले काय, तर ध्वज बदललाच तर पाचांपैकी कोणता? बदल हवा की नको, हे मागाहून! दहा हजारांवर नमुने आले. समितीने चार निवडले, त्यांत तीन नेच्याचेच. पाचवा लोकांनी ओरडा केल्यावर आत आला. पंतप्रधान जॉन की तर नेच्याच्या बाजूने उघड बोलत होते. मास्तरच उत्तर खुणावतो आहे! अशा पेपरावर पोरांना ‘ढ’ ठरवायला आम्ही तरी तयार नाही.