जाहिरात आपल्या भाषेत, करार परक्या भाषेत

गेल्या महिन्यात बडोद्यास जाणे झाले. दांडिया बाजारात आत्याकडे उतरलो होतो. जुम्मादादा व्यायाममंदिराचा हा परिसर. दुकानांच्या पाट्या गुजराती, कित्येक घरांतील बोलणे मराठी, आणि या दोहोंचे कधी भांडण झालेले नाही. रात्री जेवणे आटोपल्यावर आत्याने आपला मोबाइल माझ्यापुढे ठेवला. एका सेवेने बदललेल्या अटी पाठविल्या होत्या. वर शुभेच्छांचे चार रंगीत शब्द गुजरातीत, खाली बारीक अक्षरांतला लांबलचक इंग्रजी मजकूर आणि तळाशी होकाराचे एकच बटण. आत्या म्हणाली, "अरे, तू वकील ना? मग सांग, काल मी कशाला 'हो' म्हटलं?"

ते वाचून सांगावयास मला पाऊण तास लागला. आपले संपर्क, आपले ठिकाण आणि आपल्या खरेदीची नोंद इतरांस पुरविण्यास तिने संमती दिली होती.

तंत्रज्ञान-उद्योगाच्या जनसंपर्काचे सारे इंगित या एका पडद्यावर आहे. जे विकावयाचे आहे ते लोकभाषेत आणि ज्याने ग्राहक बांधला जातो ते इंग्रजीत. त्यातही 'लोकभाषा' कोणती, हे माणसाला विचारून ठरत नाही. ते बहुधा राज्याच्या नकाशावरून ठरते. बेळगाव म्हणजे कन्नड, बडोदे म्हणजे गुजराती. भाषांच्या यादीत मराठी असते, हे मान्य. पण ती निवडली तरी बटणांवरची अक्षरे तेवढी बदलतात, करार बहुतेक ठिकाणी इंग्रजीच राहतो. सीमेपलीकडचा मराठी माणूस अशा रीतीने दोनदा वगळला जातो: एकदा जाहिरातीतून आणि एकदा करारातून.

माझा आक्षेप गुजराती वा कन्नड भाषेला नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. बडोद्याचे राज्यकर्ते मराठी असूनही राज्यकारभारात त्यांनी प्रजेच्या गुजरातीला मान दिला. सयाजीराव महाराजांनी १९३१ मध्ये 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' हा राज्यव्यवहाराचा कोश प्रसिद्ध करविला. त्यात इंग्रजी संज्ञांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द दिलेले आहेत. शासनाचा शब्द ज्याच्यावर चालणार त्याला तो कळला पाहिजे, ही त्यामागची दृष्टी. छापखान्यात खिळे जुळविण्याच्या काळात एका संस्थानाला जे साधले, ते आज अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या कंपन्यांना साधत नाही, यावर कोणी विश्वास ठेवावा?

कंपन्यांचे ठरलेले उत्तर असते: तुमच्याकडून मागणीच नाही. हे उत्तर फसवे आहे. जो मजकूर मराठीत उपलब्धच नाही, तो मराठीत किती जणांनी वाचला याची मोजणी शून्यच येणार. दार बंद ठेवायचे आणि आत कोणी आले नाही म्हणून नोंद करायची, यातला हा प्रकार आहे.

मागणी झाली तर काय होते, हे आपण पाहिले आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ८ कोटी ३० लाख होते. देशात तिसरा क्रमांक. तरीही ॲमेझॉनच्या भारतीय खरेदी-संकेतस्थळावर हिंदी २०१८ मध्ये आणि चार दाक्षिणात्य भाषा २०२० मध्ये आल्या, तेव्हा मराठी त्यांत नव्हती. त्या वर्षाच्या अखेरीस महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने मोहीम उघडली, तोडफोड झाली, वाद न्यायालयात गेला. मराठी आली ती सप्टेंबर २०२१ मध्ये. तोडफोडीचे समर्थन मी करणार नाही. पण या प्रसंगाचा अर्थ आपण ओळखावा. मुंबईत संख्या आहे आणि आवाजही आहे. दांडिया बाजारात किंवा बेळगाव-निपाणीत एखाद्या कंपनीला घाबरविण्याइतके दोन्ही नाही. म्हणून आपले साधन कायदाच असू शकतो.

आणि तो कायदा झालेला आहे. करार अधिनियम, १८७२ च्या कलम १३ प्रमाणे दोन पक्ष एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता देतात तेव्हा संमती होते. तरीही एकदा सही केल्यावर 'मजकूर समजला नव्हता' हा बचाव न्यायालयात सहसा टिकत नाही. वकिलीत हे मी पुष्कळदा अनुभवले आहे. ही उणीव निदान वैयक्तिक माहितीपुरती डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ने भरून काढली आहे. कलम ५ व ६ अन्वये माहिती घेण्याची सूचना आणि संमतीची विनंती इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय व्यक्तीला द्यावा लागेल. त्या अनुसूचीत २२ भाषा आहेत आणि मराठी त्यांपैकी एक आहे.

या तरतुदीत राज्याचा उल्लेख नाही, पिनकोडचा नाही, लोकसंख्येच्या टक्केवारीचा नाही. अल्पसंख्य भाषकांच्या सोयींसाठी टक्केवारीची अट झेलण्यात आपल्या सीमाभागाची पिढ्यान्‌पिढ्या गेली. येथे हक्क एकट्या व्यक्तीचा आहे, ती कोठेही राहत असो. 'किंवा' या शब्दाचा लाभ कंपनी उठवू पाहील. परंतु निवड व्यक्तीची आहे, कंपनीची नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ही बंधने अधिसूचनेपासून अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. भंग केल्यास दंड पन्नास कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो.

तोवर गप्प बसलो, तर तेव्हाही 'मागणी नव्हती' हेच ऐकावे लागेल. म्हणून आजच दोन गोष्टी कराव्यात. मोबाइलची भाषा मराठी करावी. माझा स्वतःचा मोबाइल या प्रवासापर्यंत इंग्रजीत होता, हे लाजेने कबूल करतो. आणि अटींचा नवा मजकूर आला की त्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एक वाक्य लिहावे: "ही सूचना आणि संमतीची विनंती मला मराठीत हवी आहे." त्या पत्राची प्रत दिनांकासह जपून ठेवावी. कायदा लागू झाल्यावर संरक्षण मंडळाकडे जाण्यापूर्वी कंपनीकडे तक्रार करावीच लागते. आजपासूनची पत्रे त्या वेळी मागणीचा पुरावा म्हणून दाखविता येतील.

आत्याने असे पहिले पत्र दुसऱ्या दिवशी सकाळीच पाठविले. मजकूर मी सांगितला, टंकन तिने स्वतः केले. उत्तर अद्याप आलेले नाही. दिनांक मात्र आम्ही लिहून ठेवला आहे.