उसातला शेजारी आणि पिल्लाची शू

वीकेंडला हिंजवडी सोडायची, नाशिक हायवे पकडायचा आणि मंचरवरून थेट अवसरी बुद्रुक. आईच्या हातची भाकरी वाट बघतेय. या वेळी मागच्या सीटवर नवा मेंबर आहे, अडीच महिन्यांचं लॅब्रॅडॉर. फ्लॅटच्या बाल्कनीत पेपरवर शू करायला ते नुकतंच शिकतंय. गावी पेपर कशाला, अंगण आहे की! थांबा बॉस. रात्री दोन वाजता दार उघडून पिल्लाला बाहेर सोडायचा प्लॅन आधी कॅन्सल करा.

आंबेगाव-जुन्नर पट्ट्यात ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला, तो 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या पोटात गेलेल्या एकूण मांसात सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला, 39 टक्के. शेळ्यांपेक्षाही जास्त! अंधारात बिबट्यापासून धोका माणसालाही असतो, त्यामुळे ‘मी जातो ना सोबत’ हेही चालणार नाही. पुण्यातला पेपर गावीही न्या. एखादा जुना, किंचित वासाचा तुकडा सोबत घ्या, म्हणजे पिल्लाला नवी मोरीही ओळखीची वाटेल. शेवटची बाहेरची फेरी उजेड असतानाच.

आता तक्रार. ‘अहो, हे तासातासाला शू करतं!’ करणारच. दिवसा पिल्लू साधारण वयाच्या महिन्यांत एक मिळवून येतील तेवढे तास कळ काढतं. म्हणजे दोन महिन्यांचं असेल तर जास्तीत जास्त तीन तास, आणि खेळताना त्याहून खूप कमी. झोपून उठलं, खाल्लं, पाणी प्यालं, दंगा केला, की लगेच पेपरवर न्यायचं. जमलं की तिथल्या तिथे शाबासकी आणि खाऊ. नाक जमिनीला लावून गोल फिरायला लागलं की उचला. चुकलं तर ओरडून उपयोग नाही. शूमध्ये नाक घासणं तर निव्वळ क्रूरपणा. पिल्लू त्यातून एवढंच शिकतं, की शू तुमच्यापासून लपून करायची. मग ती सोफ्यामागे सापडते. फरशी पुसायला अमोनियाचं क्लीनर नको, त्याचा वास शूसारखाच. पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून वापरा.

आणि कृपया पाणी तोडू नका. मीटिंगला उशीर होतो म्हणून वाटी उचलणारे महाभाग आहेत.

मात्र सगळंच ‘अजून लहान आहे’ या खात्यात टाकू नका. तुम्ही घरी येताच आनंदाने दोन थेंब सांडले, तर ते वयाबरोबर सुटतं. पण पुन्हापुन्हा बसतंय, थेंबथेंबच येतंय, शू लालसर आहे, सारखं चाटतंय, तर मूत्राशयाचा संसर्ग किंवा खडा असू शकतो. झोपेतच अंथरूण ओलं होत असेल, विशेषतः मादी पिल्लाचं, तर मूत्रपिंडाकडून येणारी नळी जन्मतःच चुकीच्या जागी उघडत असण्याची शक्यता असते. त्याला कितीही ट्रेनिंग द्या, ते सुकणार नाही. दिवसाला दर किलो वजनामागे 100 मिलीलिटरपेक्षा जास्त पाणी जात असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. जोर लावूनही शू होत नसेल, तर सोमवारची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

उलट्या, मलूलपणा, पिवळ्या हिरड्या दिसल्या तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्या. उंदरांच्या मुतातून, साचलेल्या पाण्यातून येणारा हा आजार माणसालाही होतो. त्यावर लस आहे. अशा पिल्लाची शू ग्लोव्ह्ज घालूनच पुसा.

डॉक्टरांकडे जाताना सकाळची पहिली शू सोबत न्या. पिल्लू बसलं की खालून जुनी पळी सरकवायची, मग स्वच्छ बाटलीत. निघायला उशीर असेल तर बाटली फ्रिजमध्ये. फक्त वर मोठ्या अक्षरांत लेबल लावा, आणि आईला आधी सांगून ठेवा.